सायकल पुसा, घासू नका

आम्ही केशोरीहून बोलतो आहोत, अर्जुनी मोरगाव तालुक्यातून.

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या गावात भंगारवाल्याच्या फेऱ्या वाढतात. फुटकी बादली, मोडका पंखा, गंजलेली विळी आणि कोठ्यात उभी असलेली जुनी सायकल, सगळं एकाच काट्यावर जातं. दांड्याच्या ब्रेकची जुनी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. गरज असली तर माणूस विकतो, त्यात लाजायचं काही नाही. आम्ही विकू नका म्हणायला आलेलो नाही. पण ज्या घरात सायकल ठेवायची असं ठरतं, तिथेसुद्धा पुष्कळदा ती साफसफाईतच मरते. हे आम्हाला कसं कळलं, ते आधी सांगतो. कारण मारणाऱ्या आम्हीच होतो.

एका महिला दिनाला आमच्या ग्रामसंघानं जुन्या वस्तू मांडायचं ठरवलं. जातं, उखळ, कणगी, तांब्याचा हंडा असं बरंच जमलं. गटातल्या एका ताईंनी वडिलांची सायकल आणून दिली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. सायकलीवर बोटभर धूळ होती, मडगार्डवर शेणाचे शिंतोडे होते, रिम लाल झाली होती. आम्ही चौघीजणी बसलो आणि भांडी घासतो तशी ती घासली. कपड्याच्या पावडरचं पाणी, तारेची घासणी, जिथे निघेना तिथे पॉलिशपेपर. मग दुकानातून चंदेरी रंगाचा डबा आणला आणि सगळीकडे हात फिरवला. संध्याकाळी सायकल अशी चकाकत होती की आम्ही तिच्यासोबत फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, चेनकव्हरवर हात ठेवला आणि तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या, "इथे बाबाचं नाव होतं."

होतं. पांढऱ्या अक्षरात, खाली लाल सावली देऊन लिहिलेलं. आपल्या झाडीपट्टीत नाटकाचे पडदे रंगवणारे पेंटर असतात, तशा एका पेंटरनं लिहून दिलं होतं म्हणे. आम्हाला ते अर्धं पुसलेलं, मळकट काहीतरी वाटलं होतं आणि आम्ही पॉलिशपेपरनं ते सपाट केलं होतं. ताई आम्हाला काही बोलल्या नाहीत. "छान दिसते" एवढं म्हणाल्या आणि कार्यक्रम झाल्यावर सायकल घेऊन गेल्या. बचतीचे पैसे द्यायला त्या येत राहिल्या. पण त्यानंतर ग्रामसंघात मांडायला त्यांनी घरची कुठलीच वस्तू आणली नाही.

म्हणून पुढच्या वर्षी जेव्हा गटातल्या आजीनं सांगितलं की माझ्याकडेही एक सायकल आहे, तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं नाही. आजीचा मुलगा ती भंगारात द्यायला निघाला होता. आजी म्हणाली, "पुसून द्या, पण त्या चांदीवालीसारखी करू नका." गावात गोष्ट पोचलेली होती.

आजीची सायकल अॅटलसची. हँडलखालच्या नळीवर पत्र्याचा बिल्ला आहे, त्यावर खांद्यावर पृथ्वी पेललेला माणूस. हा अॅटलसचा कारखाना १९५१ साली हरियाणातल्या सोनीपतला सुरू झाला. त्या काळात आपल्या देशात सायकलीचे कारखाने भराभर निघाले. मद्रासजवळ अंबत्तूरला, बंगालमध्ये आसनसोलला, पुढे १९५६ मध्ये लुधियानाला हीरोचा. त्याआधी खेड्यात दिसे ती बहुधा विलायती सायकल, आणि तीही पाटलाकडे किंवा मास्तरांकडे. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता. म्हणजे आजीच्या सायकलीवरचा बिल्ला आपण चिंच लावून घासून टाकला, तर तो पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही.

आता कामाचं बोलू. पहिल्या दिवशी आम्ही सायकलीला पाणी लावलंच नाही. फोननं सगळ्या बाजूंनी फोटो काढले, अक्षरांचे, रेघांचे, कुठली तार कुठून जाते त्याचेही. मग आजीला शेजारी बसवून विचारलं, हे काय, ते काय. कॅरिअरच्या कडेला खोल खाचा होत्या. आजी म्हणाली, मिरचीच्या पोत्याची दोरी. आपली केशोरीची मिरची सगळ्यांना माहीत आहे, ती या कॅरिअरवर बांधून बाजारात जायची. पुढच्या दांडीवर दोन गोल ठसे होते. तिथे लेकरांसाठी छोटी सीट आवळलेली होती, आजीच्या दोन्ही मुली तिच्यावर बसून फिरल्या. आणि दांडीच्या आतल्या बाजूला, खालीपर्यंत, हातभर पट्ट्यात रंगच नव्हता. उघडं लोखंड, तपकिरी आणि गुळगुळीत. आमच्यातली एक म्हणाली, निदान एवढा डाग तरी रंगवू, फार वाईट दिसतो.

आजी म्हणाली, "तो डाग नाही. तो माझा पाय आहे."

आजी कैची चालवायची. दांडीवरून पाय टाकायचा नाही, दांडीखालून घालायचा आणि तिरकं होऊन पायडल मारायचं. आपण लहानपणी तसंच शिकलो. आजी तिशीत शिकली. नवरा कामाला बाहेरगावी, सायकल घरी, बाजार लांब. रात्री खळ्यावर शिकली, म्हणजे कोणी पाहू नये. नऊवारीचा काष्टा असल्यामुळे सोपं गेलं, असं ती सांगते. पुढे सीटवर बसून चालवायचं धाडस तिला झालं नाही, म्हणून कैचीच राहिली. इतकी वर्षं तिची मांडी आणि लुगडं ज्या जागी घासलं, तिथला रंग गेला. नवऱ्याच्या नावावर घेतलेली सायकल खरं तर कोणी चालवली, हे त्या हातभर पट्ट्याशिवाय कुठेच लिहिलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की या सायकलीवरची घाण काढायची आणि वापराची खूण ठेवायची. दोन्हीतला फरक दर वेळी पटकन कळत नाही. तेव्हा थांबून ज्याची वस्तू आहे त्याला विचारायचं.

सुरुवात कोरडी. मऊ ब्रशनं, आम्ही रंगाचा नवा ब्रश वापरला, वरून खाली धूळ झाडली. दिव्याच्या आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं होतं, ते काडीनं हळू मोकळं केलं. मग जुनं धुतलेलं सुती लुगडं फाडून फडकी केली. नायलॉन किंवा टेरिकॉट नको, ते मळ शोषत नाही. भांडंभर कोमट पाण्यात शॅम्पूचे दोन-चार थेंब टाकले, फडकं बुडवून घट्ट पिळलं आणि हातभर जागा पुसली की लगेच कोरड्या फडक्यानं टिपली. कपड्याची पावडर, सोडा, भांड्याचा साबण यातलं काही नाही. पाइपानं किंवा मोटरच्या धारेखाली तर सायकल कधीच धरू नका. चाकाच्या मध्यात आणि पायडलच्या दांड्यात छर्रे असतात, पाणी आत गेलं की बाहेरून चकचकीत आणि आतून गंज, अशी गत होते.

कुठलीही गोष्ट लावायच्या आधी ती न दिसणाऱ्या जागी लावून पाहायची. मडगार्डच्या आत, फ्रेमच्या अगदी खालच्या बाजूला. जुन्या सायकलीवरची सोनेरी अक्षरं पुष्कळदा छापील पातळ पापुद्र्याची असतात, वरून रोगण दिलेलं. थिनर, पेट्रोल किंवा कडक साबण लागला की ती फडक्यावर उतरतात. फडक्यावर काळा मळ आला तर पुढे चला. सोनेरी किंवा लाल आलं तर तिथेच थांबा.

पाण्यानं न निघणारा चिकट मळ कशानं काढावा, याचं उत्तर आमच्या शिवणवर्गातच निघालं. शिलाई मशीनचं तेल. पातळ असतं, वास नाही, रंगाला सहसा त्रास देत नाही. थेंबभर फडक्यावर घ्यायचं, गोल गोल फिरवायचं, मळ सुटला की कोरड्या फडक्यानं काढून घ्यायचा. इथे एक चूक होण्यासारखी आहे. आपल्याकडे जवस होतं, घरात जवसाचं तेल असतं, बाया चेनला तेच घालतात. जवसाचं तेल वाळून राळेसारखं होतं. चेनमध्ये घातलं तर काही महिन्यांनी कड्या चिकटतात. खोबरेल थंडीत गोठतं आणि धूळ धरून ठेवतं. खायचं तेल खायलाच ठेवा. चेनचा जुना वंगणाचा काळा थर मात्र मातीच्या तेलानं सुटतो. ते हल्ली सहज मिळत नाही. मिळालं तर चेन काढून वेगळ्या डब्यात धुवा, चुलीपासून लांब, अंगणात. फ्रेमच्या रंगाला ते लावू नका.

गंजाबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त विचारतात. गंज दोन तऱ्हेचा दिसतो. बोट फिरवल्यावर नारिंगी भुकटी हाताला लागते तो जिवंत गंज, तो वाढतो, काढायला हवा. आणि गडद तपकिरी, घट्ट बसलेला, हाताला काही न लागणारा. त्याला तेलाचा पातळ हात दिला, कोरडं पुसलं आणि वरून मेण लावलं की तो बराच काळ तसाच राहतो. आजीच्या पायाचा पट्टा असा दुसऱ्या तऱ्हेचा होता. त्याला आम्ही एवढंच केलं.

हँडल आणि रिमवर निकेल-क्रोमचा मुलामा असतो. त्यावरचे लाल ठिपके काढायला पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉईल घ्या. चुरगाळून गोळी करा, तेलाचा थेंब टाका आणि हलक्या हातानं फिरवा. अॅल्युमिनियम मुलाम्यापेक्षा मऊ असतं, म्हणून गंज निघतो आणि मुलाम्यावर सहसा चरे पडत नाहीत. तारेची घासणी मुलाम्यावर रेघा पाडते, त्या रेघांतून पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट येतो. मुलामा जिथे पापुद्र्यासारखा सुटला आहे तिथे फॉईलही फिरवू नका.

बिल्ल्याला चिंच, लिंबू, पितळेची पावडर काहीही नको. आपल्याला पितळ पिवळंधमक लागतं, हाताला तीच सवय आहे. पण आंबट पाणी बिल्ल्याच्या मागे जाऊन बसतं आणि नळीला आतून खातं, वर बिल्ल्यावरचा बारीक रंगही उतरतो. कोरडा मऊ ब्रश पुरे.

जुन्या सायकलीची एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी आहे. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, म्हणजे त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पॉलिशपेपरनं कोरडं घासलं की ती भुकटी हवेत उडते, श्वासात जाते, हाताला लागून तोंडात जाते. लहान मुलांना आणि पोटुशी बाईला शिसं फार वाईट. आम्ही चौघींनी ती पहिली सायकल घासली तेव्हा एकीचं दोन वर्षांचं लेकरू तिथेच मातीत खेळत होतं. आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. रंग सुटत असेल तर ओल्या फडक्यानं टिपा, फडकं वेगळं ठेवून टाकून द्या, हात साबणानं धुवा, आणि मुलांना दुसरीकडे पाठवा.

सीट चामड्याची असेल तर तिला पाण्यात भिजवू नका आणि तेलही पाजू नका. तेल प्यायलेलं चामडं सैल पडतं आणि मधोमध झोळीसारखं लोंबतं. कोरडं झाडा, ओलसर फडक्यानं एकदा पुसा, सावलीत वाळू द्या, मग रंग नसलेलं बुटाचं पॉलिश अगदी थोडं, वरून आणि खालूनही. सीटखालचा ताण द्यायचा नट लगेच आवळायला जाऊ नका, जुनं चामडं तडकतं. तेच बिनरंगी पॉलिश आम्ही फ्रेमवरही लावलं. नाव, अक्षरं, रेघा सोडून. त्यात टर्पेंटाइनसारखं द्रव्य असतं, ते अक्षरांना चालेलच असं नाही.

अडकलेला नट-बोल्ट हातोडीनं उघडायचा नाही, हे आम्हाला आठवडी बाजारातल्या सायकलवाल्या दादांनी शिकवलं. तेलाचे दोन थेंब, मग दोन दिवस वाट. पुन्हा दोन थेंब. पायडलचा दांडा कॉटरपिननं बसवलेला असतो, ती पिन तर घरी काढूच नका, वाकली की काम वाढतं. चाकाच्या मध्यभागी एक बारीक भोक असतं, त्यावर पत्र्याची सरकती पट्टी. आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. तेल तिथूनच घालायचं. दादांनी थेंब टाकून चाक फिरवलं, तर पुष्कळ वर्षांनी ते फिरलं आणि आजीचा नातू ओरडलाच.

टायर-ट्यूब मात्र आम्ही नवीन घातली. भेगाळलेलं रबर जपून कोणाचं भलं होत नाही. अठ्ठावीस इंची टायर अजून बाजारात मिळतो. ब्रेकचे रबरही बदलले, कारण चालवायची असेल तर ती थांबलीही पाहिजे. निघालेली प्रत्येक वस्तू एका पिशवीत घालून पिशवी सीटखाली बांधली आहे. सगळं मिळून खर्च टायर सोडता दीडशे रुपयांच्या आत झाला.

आणि ठेवायची कुठे? कोठ्यात नको. गुरांच्या मुतानं आणि युरियाच्या पोत्यानं लोखंड झपाट्यानं खातं, युरिया तर हवेतला ओलावाही ओढून घेतो. तणसाच्या ढिगाला टेकवूनही नको. प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आमच्या पावसाळ्यात आतून घाम सुटतो. आजीनं छपरीत, भिंतीपासून हातभर अंतरावर, दोन विटांवर टेकवून ठेवली आहे, म्हणजे टायरवर भार नाही. वर जुनी सुती चादर. पोळा झाला की एकदा आणि होळीला एकदा, वर्षातून दोनदा पुसते.

आमच्यातली काहीजण म्हणतात, एवढं कशाला, म्हातारीची सायकल ती. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलं आहे. दीडशेहून जास्त सायकली, त्यात दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए सायकलसुद्धा. तिथे शहरातली माणसं तिकीट काढून जुनी सायकल पाहायला जातात. दुसरी गोष्ट तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या. खडी फोडणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीच्या बाया. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या, त्यांनी सायकलीसाठी बँकांकडून कर्ज मिळवून द्यायला मदत केली. बायकी सायकली कमी पडल्या तेव्हा पुष्कळजणींनी पुरुषी सायकल घेतली. काहींना तर तीच हवी होती, कारण तिच्या पुढच्या दांडीवर लेकराला बसवता येतं. हे आम्ही आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मला कोणी मोहीम नाही काढली." मग जरा वेळानं म्हणाली, "त्या बायांनी कैची मारली की वर बसल्या?"

वर बसल्या, असं आम्ही सांगितलं.

आता आपल्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जायला सायकली मिळतात. आजीची नात अशाच सायकलीवर शाळेत जाते. भंगारवाला यंदाही आला होता, आजीच्या मुलानंच त्याला परत पाठवलं.

राहिली चंदेरी सायकल. आम्ही ताईंकडे गेलो, चूक झाली म्हणालो. चेनकव्हरवर नाव पुन्हा लिहून घेऊ, पेंटर शोधू, खर्च आमचा, असंही म्हणालो. ताईंनी चहा केला. त्या म्हणाल्या, नवीन अक्षरं नकोत, ती बाबाची नसतील. मग आतून एक फोटो आणला. लग्नातला, कडेला सायकल उभी आहे आणि चेनकव्हरवर नावाची पहिली तीन अक्षरं दिसतात. त्या फोटोचा आम्ही फोनवर फोटो काढून मोठा करून आणला, तो आता त्यांच्या घरात सायकलीच्या वर भिंतीला लावला आहे. येत्या महिला दिनाला सायकल आणाल का, असं आम्ही अजून विचारलेलं नाही. फोटो आणते, असं त्या आपणहून म्हणाल्या आहेत.

आजीची सायकल पाहायची असेल तर केव्हाही या. मात्र फडक्याला हात घालण्याआधी तिला विचारा.